चांदनी चौक : राज्यकर्त्यांनी बांधलेला, रयतेने घडवलेला

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाची चांदनी चौकाच्या नावापाशी हटकून गफलत होते. घरच्या भाषेत चांदणी म्हणजे आकाशातली तारका. बाहेरच्या भाषेत मात्र चांदनी म्हणजे चांदणे. तेव्हा या नावाचे नेमके मराठी रूप करायचे, तर ते 'चांदण्याचा चौक' असे होईल. नावातला दुसरा शब्द तर पहिल्याहून फसवा आहे. आज सारी दिल्ली ज्याला चांदनी चौक म्हणते, तो मुळी चौक नव्हेच. तो लाल किल्ल्यासमोरून निघून फतेहपुरी मशिदीपाशी थांबणारा एक सरळ, रुंद रस्ता आहे. मग ज्या चौकावरून या रस्त्याला नाव पडले, तो चौक गेला कोठे?

तो कोठेही गेलेला नाही. शालेय पुस्तकांसाठी नई सडकेची वाट धरणाऱ्या पहाडगंजातील मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी तो अनेकदा ओलांडला असेल. नई सडक उत्तरेकडे जिथे संपते आणि समोर जुन्या टाउन हॉलची पिवळसर इमारत दिसते, तीच ती जागा. तेथे एक पुतळा आहे, कबुतरांचे थवे आहेत, सायकलरिक्षांची दाटी आहे. पूर्वी तेथे एक तलाव होता. पुढे एक घंटाघर आले. आता दोन्ही नाहीत. परंतु या काही शे पावलांच्या मोकळ्या जागेत दिल्लीच्या पावणेचारशे वर्षांच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग घडला आहे. प्रत्येक राजवटीने येथे आपल्या सत्तेची खूण उभारली आणि प्रत्येक वेळी शहरातील सामान्य माणसांनी त्या खुणेला आपला अर्थ दिला, हीच या चौकाची खरी कथा होय.

बेगमेचा चौक

सम्राट शाहजहानने १६३९ मध्ये यमुनेच्या काठी नव्या किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ मध्ये आग्र्याहून राजधानी येथे आणली. नव्या नगराला शाहजहानाबाद असे नाव मिळाले. या नगराच्या घडणीत राजघराण्यातील स्त्रियांचा वाटा मोठा होता. फतेहपुरी बेगमेने रस्त्याच्या पश्चिम टोकाला मशीद बांधली, तर सम्राटाची थोरली कन्या जहानआरा हिने १६५० च्या सुमारास किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यापासून त्या मशिदीपर्यंत बाजारपेठ वसवली. ही पेठ सुमारे १५२० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद होती आणि तिच्यात दीड हजारांच्या आसपास दुकाने होती.

या लांबलचक पेठेला एकच एक नाव नव्हते. किल्ल्याजवळचा तुकडा उर्दू बाजार म्हणून ओळखला जाई. येथे उर्दू म्हणजे छावणी. त्यापुढे कोतवालीचा चौक, मग सराफ आणि जवाहिऱ्यांची पेठ, आणि त्यानंतर पेठेच्या मधोमध शंभर यार्ड पसरलेला एक अष्टकोनी चौक. चौकाच्या मध्यभागी तलाव होता. पेठेच्या मधून वाहणारा कालवा त्या तलावाला पाणी पुरवी. तलावात चंद्राचे प्रतिबिंब पडे, त्यावरून चौकाला नाव मिळाले, असे लोक सांगत आले आहेत. पुढे चौकाचे नाव हळूहळू पसरत गेले आणि साऱ्या पेठेने ते घेतले. गावातल्या एका मंदिरावरून संपूर्ण पेठेला नाव पडावे, तशातलाच हा प्रकार.

चौकाच्या उत्तरेला जहानआराने प्रवासी व्यापाऱ्यांसाठी भव्य सराई बांधली आणि तिच्या मागे बाग फुलवली. दक्षिणेला हमामखाना होता. फ्रेंच प्रवासी बर्निये याने ही सराई पाहिली होती. पॅरिसमध्ये अशा काही वास्तू असत्या तर परक्या प्रवाशाची किती सोय झाली असती, असे त्याच्या मनात आले. राजकन्येने बांधलेल्या या चौकाची रचना नीट पाहिली, म्हणजे तिचा उद्देश कळतो. येथे राजदरबार भरत नव्हता. परगावच्या माणसाला उतरण्याची जागा, स्नानाची सोय, पाणी, सावली आणि बाजार, या गोष्टी येथे एकत्र आणल्या होत्या. चौकाचे पहिले रूप असे पाहुणचाराचे होते.

कोतवालीची बाजू

पाहुणचाराच्या या रस्त्यावर सत्तेची दुसरी बाजूही लवकरच दिसू लागली. १६५९ मध्ये पराभूत दारा शिकोहला मळकट हत्तीवर बसवून दिल्लीच्या बाजारातून फिरवण्यात आले. लोकांनी भयाने माना खाली घालाव्यात, असा त्यामागचा हेतू. परंतु घडले वेगळेच. दोन्ही बाजूंना जमलेली माणसे रडत होती, असे बर्नियेने नोंदवले आहे.

नोव्हेंबर १६७५ मध्ये कोतवालीजवळ शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांच्या आधी त्यांचे सहकारी भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयालदास यांना हालहाल करून मारण्यात आले होते. ज्या जागी दहशत बसवण्यासाठी ही शिक्षा झाली, त्याच जागी १७८३ मध्ये सरदार बघेलसिंग यांनी गुरुद्वारा उभारला. आजची सीसगंज गुरुद्वाऱ्याची इमारत १९३० च्या सुमाराची आहे. कोतवालीची जागा पुढे गुरुद्वाऱ्याच्या परिसरात सामावली गेली. समोरच्या कारंज्याच्या चौकाला आज भाई मतीदासांचे नाव आहे. तुरुंगाची जागा लंगराला मिळावी, असा हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

गुरुद्वाऱ्यालगतच छोटीशी सुनहरी मशीद आहे. १७२१-२२ मध्ये बांधलेल्या या मशिदीत बसून नादिरशहाने २२ मार्च १७३९ रोजी दिल्लीच्या कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसे मारली गेली. चांदनी चौक, दरिबा आणि आसपासच्या पेठा लुटल्या आणि जाळल्या गेल्या. शाहजहानाबादेचे वैभव त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. कालवाही अठराव्या शतकात कोरडा पडला.

मराठ्यांची दिल्ली

दिल्लीतील मराठी माणसाला या शहराशी असलेल्या नात्याची सुरुवात नोकरीनिमित्त झालेल्या स्थलांतरापासून धरण्याची सवय आहे. वस्तुतः ते नाते त्याहून बरेच जुने आहे. १७३७ मध्ये पहिला बाजीराव वेगवान दौड करून दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकला. कालकाजी आणि तालकटोरा ही नावे त्या मोहिमेशी निगडित आहेत. तालकटोरा पहाडगंजापासून फार दूर नाही. बाजीरावाने शहर जाळले नाही. राजधानी जाळून पातशाही मोडण्यात फायदा नाही, असा विचार त्याने चिमाजीअप्पाला कळवला होता. पेशव्यांचे वकील असलेले हिंगणे घराणे तर दिल्लीतच वास्तव्य करून दरबाराच्या आणि शहराच्या बातम्या पुण्याला लिहीत असे. त्यांची पत्रे हे त्या काळाचे मोलाचे साधन आहे.

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेचा पगार थकला होता, खजिना रिकामा होता. दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून ते टांकसाळीत वितळवण्यात आले. पुढच्याच वर्षी पानिपत झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये परागंदा सम्राट शाह आलम याला त्याच्या राजधानीत परत आणले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने सम्राटाचे डोळे काढले, तेव्हाही शिंद्यांच्याच फौजेने दिल्ली सोडवली. सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला.

या साऱ्या कालखंडाची चांदनी चौकातील एक खूण आजही नित्य पूजेत आहे. जैन लाल मंदिराशेजारचे गौरीशंकर मंदिर अप्पा गंगाधर या मराठा सरदाराने बांधले, अशी परंपरा आहे. किल्ल्यातील छत उतरवणारे हात आणि बाजारात मंदिर उभारणारे हात एकाच मराठी दौलतीचे होते, हे दोन्ही लक्षात ठेवणे आवश्यक आहे. छत गेले; मंदिर राहिले. त्यामागचे कारणही साधे आहे. छत बादशहाचे होते, मंदिर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे झाले.

मोडलेला चौक आणि नवे घड्याळ

इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२० च्या सुमारास, कोरडा पडलेला कालवा पुन्हा वाहता करण्यात आला. बाजार भरला, शायरांच्या मैफिली रंगल्या. जवळच्याच बल्लीमारानमध्ये मिर्झा गालिब राहत होते. मग १८५७ आले. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी शहर परत जिंकले आणि कोतवालीसमोर, भर चांदनी चौकात फाशीचे खांब उभे राहिले. २२ सप्टेंबरला शहजाद्यांना गोळ्या घालून त्यांचे देह कोतवालीपाशी टाकण्यात आले. शहर रिकामे करण्यात आले. हिंदू रहिवाशांना काही महिन्यांनी परत येऊ दिले, मुसलमानांना त्याहून बराच उशीर लागला.

गालिबांनी त्या काळात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात दिल्लीचे अस्तित्व कशावर उभे होते, ते सांगितले आहे. किल्ला, चांदनी चौक, जामा मशिदीजवळचा रोजचा जमाव, यमुनेच्या पुलावरचे आठवड्याचे फिरणे आणि फूलवाल्यांची वार्षिक जत्रा, या पाच गोष्टी त्यांनी मोजल्या आणि त्या गेल्यावर दिल्ली उरली कोठे, असे विचारले. या यादीकडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. त्यात किल्ला सोडला, तर बाकी चारही गोष्टी माणसांनी एकत्र येण्याच्या आहेत. शहर म्हणजे तटबंदी आणि महाल नव्हेत, माणसे जेथे सहज भेटतात त्या जागा म्हणजे शहर, हे त्या म्हाताऱ्या शायराला उमगले होते.

विजेत्यांनी चौकाची फेररचना केली. जहानआराची सराई पाडून त्या जागी १८६० च्या दशकात लॉरेन्स इन्स्टिट्यूटची इमारत उभी राहिली. तिच्यात ग्रंथालय, वस्तुसंग्रह आणि सभागृह होते. १८६३ मध्ये दिल्लीत नगरपालिका स्थापन झाली होती. तिने १८६६ मध्ये ही इमारत घेतली आणि ती टाउन हॉल म्हणून ओळखली जाऊ लागली. बेगमेच्या बागेला राणीची बाग असे नाव पडले. बागेच्या उत्तरेला रेल्वेस्थानक आले. दक्षिणेला जुनी वस्ती कापून एक सरळ रस्ता काढण्यात आला. तो इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने काढला गेला, पण लोकांनी त्याला सरळ 'नई सडक' म्हटले आणि तेच नाव टिकले. तलावाच्या जागी १८७० च्या सुमारास उंच घंटाघर उभारण्यात आले. टाउन हॉलसमोर पुढे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा बसला.

तलाव जाऊन घड्याळ येणे, हा केवळ बांधकामातला बदल नव्हता. तलावाभोवती माणूस रेंगाळत असे. घड्याळ त्याला कामाला लावत असे. सूर्य, अजान आणि मंदिरातील घंटा यांवर चालणाऱ्या शहराला आता कचेरीची आणि आगगाडीची वेळ पाळायची होती. तरीही दिल्लीकरांनी या घड्याळाचाही आपल्या परीने उपयोग करून घेतला. 'घंटाघराखाली भेटू' हे शहरातले सर्वांत सोपे आणि सर्वांत नि:पक्षपाती ठिकाण ठरले. ते कोणत्याही एका मोहल्ल्याचे नव्हते, म्हणून सर्वांचे होते. इंग्रजांनी शिस्तीसाठी बांधलेले घंटाघर सभांचे, मिरवणुकांचे आणि निषेधाचे केंद्र बनण्याची ही पूर्वतयारी होती.

मिरवणूक आणि बॉम्ब

नव्या राज्यकर्त्यांना या रस्त्याचे आकर्षण मोगलांइतकेच होते. १९०३ च्या दरबारावेळी लॉर्ड कर्झनची हत्तींची मिरवणूक येथून गेली. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज दिल्लीत आले, ते हत्तीवर न बसता घोड्यावरून. परिणाम असा झाला, की रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या अनेकांना बादशहा नेमका कोणता, हेच कळले नाही. त्याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली.

२३ डिसेंबर १९१२ रोजी व्हाइसरॉय हार्डिंग नव्या राजधानीत समारंभपूर्वक प्रवेश करत होते. मागील वर्षीचा धडा घेऊन यावेळी हत्ती सजवला होता. मिरवणूक चांदनी चौकात आली असता वरून बॉम्ब पडला. व्हाइसरॉय गंभीर जखमी झाले. त्यांच्यावर छत्र धरणारा सेवक मात्र मरण पावला. कटाचे सूत्रधार रासबिहारी बोस निसटले आणि पुढे जपानला पोहोचले. मास्टर अमीरचंद, अवधबिहारी, भाई बालमुकुंद आणि बसंतकुमार बिश्वास यांना मे १९१५ मध्ये फाशी देण्यात आली. अमीरचंद हे दिल्लीतील शिक्षक होते. त्यांच्या नावामागचा 'मास्टर' हा शब्द त्या व्यवसायाचा आहे. ज्या सेवकाचा नाहक बळी गेला, त्याचे दुःख आणि ज्या तरुणांनी प्राण दिले, त्यांचे धैर्य, या दोन्हींचा भार या रस्त्याने वाहिला आहे.

घंटाघराखालचा ३० मार्च

चौकाच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी दिवस मात्र बॉम्बच्या घटनेनंतर सुमारे सहा वर्षांनी उगवला. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी हरताळाची हाक दिली. हरताळाचा दिवस पुढे ६ एप्रिल ठरला, पण दिल्लीने तो ३० मार्च १९१९ रोजीच पाळला. सकाळपासून दुकाने बंद होती, ट्राम ओस पडल्या होत्या. रेल्वेस्थानकावरील खाद्यविक्रेत्यांना दुकाने बंद ठेवण्याची विनंती करणाऱ्या स्वयंसेवकांना अटक झाली. जमाव जमला. स्थानकाजवळ आणि नंतर टाउन हॉलच्या बाजूला गोळीबार झाला आणि काही माणसे मारली गेली.

दुपारी झालेल्या मोठ्या सभेनंतर स्वामी श्रद्धानंद लोकांना शांत राहण्यास सांगत मिरवणुकीने परत निघाले. घंटाघरापाशी गुरख्यांच्या तुकडीने संगिनी रोखल्या. स्वामीजी पुढे झाले, त्यांनी छाती उघडी केली आणि हिंमत असेल तर गोळी चालवा, असे आव्हान दिले. क्षणभर काहीही घडू शकले असते. एका अधिकाऱ्याने बंदुका खाली घ्यायला लावल्या आणि मिरवणूक पुढे गेली.

या प्रसंगाचे मोल केवळ एका संन्याशाच्या धैर्यात नाही. त्या दिवशीच्या मृतांमध्ये हिंदू होते आणि मुसलमानही होते, आणि त्यांच्या अंत्ययात्रांत दोन्ही समाज खांद्याला खांदा लावून चालले. पुढच्याच आठवड्यात, ४ एप्रिलला, भगव्या वस्त्रांतील स्वामी श्रद्धानंदांनी जामा मशिदीतून जनसमुदायाला संबोधित केले. गांधीजी दिल्लीकडे निघाले असता सरकारने त्यांना पलवलजवळ अडवले. दिल्ली एवढी एकजूट झालेली पाहून सरकार किती अस्वस्थ झाले होते, हे त्यावरून दिसते.

ही एकजूट टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढील काही वर्षांत दोन्ही समाजांत दुरावा वाढला. २३ डिसेंबर १९२६ रोजी, बॉम्बच्या घटनेनंतर बरोबर चौदा वर्षांनी, दिल्लीतच नया बाजारातील निवासस्थानी स्वामीजींची हत्या झाली. परंतु चौकातली परंपरा थांबली नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात परदेशी कापडाच्या दुकानांपुढे स्त्रिया ठाण मांडून बसू लागल्या. त्यांना संघटित करणाऱ्यांत सत्यवतीदेवी आघाडीवर होत्या. त्या स्वामी श्रद्धानंदांच्या नात होत. जो बाजार एका राजकन्येने वसवला, त्याच बाजारात सामान्य घरांतील स्त्रिया प्रथमच मोठ्या संख्येने सार्वजनिक कार्यासाठी रस्त्यावर उतरल्या.

ट्राम, फाळणी आणि पडलेले घंटाघर

या चौकाचा पहाडगंजाशी संबंध केव्हापासूनचा, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. पहाडगंज मोगल काळात तटाबाहेर, अजमेरी दरवाज्याच्या पश्चिमेला वसलेली धान्याची पेठ होती. शहराच्या पोटासाठी बाहेर ती, आणि शहराच्या शोभेसाठी आत चांदनी चौक, असे हे नाते. १९०८ मध्ये दिल्लीत विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली. तिच्या जाळ्याने चांदनी चौक, चावडी बाजार आणि फतेहपुरी हे भाग सदर बाजार, सब्जीमंडी आणि पहाडगंजाशी जोडले. नवी दिल्ली उभी राहत असताना कनॉट प्लेससारखा गोलाकार, स्तंभांच्या सज्जांचा नवा बाजारही जवळच तयार झाला. दोन चौकांमध्ये राहणारे पहाडगंज जणू दोन काळांच्या मध्ये राहू लागले. कारकून, शिक्षक, छापखान्यातले कामगार, सरकारी कचेऱ्यांमधून आलेली मराठी कुटुंबे नोकरीसाठी नव्या दिल्लीकडे पाहत. लग्नाचे कापड, मसाले आणि मुलांची पुस्तके घ्यायला मात्र जुन्या दिल्लीकडेच वळत.

सप्टेंबर १९४७ मध्ये पहाडगंज, सब्जीमंडी, करोल बाग या वस्त्यांत भीषण हिंसा झाली. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली मुसलमान कुटुंबे पुराना किल्ल्याच्या छावणीत गेली, अनेक जण कायमचे निघून गेले. पंजाब आणि सिंधमधून सर्वस्व गमावून आलेले निर्वासित त्याच वस्त्यांत शिरले आणि चांदनी चौकाच्या पदपथांवर पेटी मांडून पुन्हा उभे राहू लागले. किल्ल्यासमोरचा लाजपतराय बाजार हे त्याच धडपडीचे फळ. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींनी केलेले शेवटचे उपोषण याच शहरातील शांततेसाठी होते. ज्या रस्त्यावर १९१९ मध्ये हिंदू आणि मुसलमान एकत्र चालले, त्याच रस्त्याने तीस वर्षांच्या आत हे पाहिले.

१९५१ मध्ये घंटाघराचा काही भाग कोसळला आणि त्याखाली सापडून काही माणसे दगावली. नंतर उरलेला मनोराही उतरवण्यात आला. घंटाघर गेले, परंतु त्याचे नाव आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. राणी व्हिक्टोरियाचा पुतळा हलवण्यात आला आणि त्या जागी स्वामी श्रद्धानंदांचा पुतळा उभा राहिला. राणीच्या बागेला महात्मा गांधींचे नाव मिळाले. १९५८ मध्ये दिल्ली महानगरपालिका स्थापन झाली आणि १९४२ च्या लढ्यातील वीरांगना अरुणा असफ अली दिल्लीच्या पहिल्या महापौर झाल्या. टाउन हॉल हे महापालिकेचे मुख्यालय होते. ज्या इमारतीतून परकीय सत्ता शहराचा कारभार पाहत असे, तिथून आता निवडून आलेले नगरसेवक पाण्याच्या, गटारांच्या आणि प्राथमिक शाळांच्या प्रश्नांवर भांडू लागले. लोकशाहीचा आवाज कर्णमधुर नसतो, तो बाजाराच्या गलक्यासारखाच असतो. आणि चांदनी चौकाला त्या गलक्याचे कधीच वावडे नव्हते. १९६३ मध्ये मात्र ट्राम बंद पडली.

आजचा चौक

२००५ मध्ये मेट्रोचे स्थानक आले आणि चौक पुन्हा शहराच्या जवळ आला. नवी दिल्ली स्थानकापासून तेथवर केवळ दोनच थांबे आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये लाल मंदिरापासून फतेहपुरीपर्यंतच्या सुमारे १.३ किलोमीटरच्या रस्त्याचे नूतनीकरण पूर्ण झाले. तांबड्या दगडाची फरसबंदी, बसण्याचे कट्टे आणि झाडे आली. सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत मोटारींना मज्जाव झाला. नियम पाळण्यात त्रुटी आहेत, गर्दीही हटलेली नाही. तरी जहानआराच्या काळानंतर प्रथमच पायी चालणाऱ्या माणसाचा विचार करून या रस्त्याची आखणी झाली, हे मान्य करावे लागेल.

चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. गेल्या दशकाच्या आरंभी महापालिका मिंटो रोडजवळच्या उंच सिव्हिक सेंटरमध्ये गेली. टाउन हॉल तेव्हापासून बव्हंशी रिकामाच आहे. त्याचे संग्रहालय करावे, उपाहारगृह करावे, असे विचार वेळोवेळी पुढे आले. पर्यटक येतील, पराठे आणि जिलबी खातील, छायाचित्रे काढतील, यात गैर काहीच नाही. पण ज्या जागी माणसे तक्रार घेऊन येत, सभा भरवत, संगिनींसमोर उभी राहत, ती जागा केवळ पाहण्याची आणि खरेदी करण्याची उरली, तर चौकाचे नाव राहील आणि चौक हरवेल. तलाव गेला, सराई गेली, घंटाघर गेले, तेव्हाही चौक हरवला नव्हता. कारण माणसे एकत्र येत राहिली. वास्तू राहूनही माणसे येईनाशी झाली, तर तो तोटा पहिल्या सर्व तोट्यांहून मोठा ठरेल.

शाळेचा हीरक महोत्सव साजरा होत असताना या चौकाची कथा सांगण्याचे प्रयोजन हेच. इतिहास पाठ्यपुस्तकात असतो, तसा तो पुस्तक विकत घ्यायला जाण्याच्या वाटेवरही असतो. नई सडकेवरून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला समोरचा पुतळा कोणाचा, त्याआधी तेथे कोणाचा होता आणि तो का बदलला, हे सांगणारे कोणीतरी सोबत असावे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत पायी जावे. जैन मंदिर, गौरीशंकर मंदिर, बॅप्टिस्ट चर्च, सीसगंज गुरुद्वारा आणि दोन मशिदी, इतकी विविध प्रार्थनास्थळे एका सरळ रेषेत, एवढ्या थोड्या अंतरावर क्वचितच पाहायला मिळतात. टाउन हॉलसमोर पोहोचल्यावर मुलांना थोडा वेळ थांबू द्यावे. तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, असे त्यांना प्रथम वाटेल. मग त्यांना सांगावे, की येथे एकदा तलाव होता, जवळच कोतवालीसमोर फाशीचे खांब उभे होते, येथे एकदा घड्याळ होते, आणि ३० मार्च १९१९ च्या संध्याकाळी येथेच एक निःशस्त्र माणूस उभा राहिला होता.